पुण्याच्या वेशीवरचं जुनं घर घेताना: आधी सातबारा, मग टाइल्स

धायरी, वाघोली, मांजरी या बाजूला स्वतंत्र घर बघायला निघालात की जो तो सांगतो: वास्तू बघा, शेजार बघा. ते तुम्ही बघालच. नातेवाइकांची घरं तपासून देता देता मला जे कळलं, ते एवढं.

घर भर पावसात, जुलैमध्ये बघा. उन्हाळ्यात रंगाखाली सगळी ओल झाकलेली असते. गच्चीखालच्या खोलीतलं कपाट सरकवायला लावा. टँकर किती येतात ते शेजारच्या किराणावाल्याला विचारा, मालकाला नको.

आता कागद. माझे हात इथेच पोळले.

धाकट्या भावासाठी एक टुमदार बैठं घर पसंत केलं. सातबाऱ्यावर विकणाऱ्याचं नाव होतं, 'इतर हक्क' रकान्यात कुठल्या बँकेचा बोजा नव्हता. मी खूश. एक लाख इसार दिला. वकिलांनी मग वारसाचा जुना फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावरची नावं बदलल्याची नोंद, काढायला लावला. वडिलांच्या पश्चात मुलगे मालक म्हणून चढलेले आणि दोन मुलींची नावं 'इतर हक्का'त टाकलेली. पूर्वी अशी पद्धतच होती. ती नावं सातबाऱ्यावरही होती, पण मी त्या रकान्यात फक्त बोजा शोधत होतो. मालक म्हणाले, "अहो, त्यांची लग्नं कधीच झाली, त्यांना काय करायचंय?" धाकट्या बहिणीला करायचं होतं. तिने सही दिली नाही, आणि इसार परत यायला अकरा महिने लागले.

म्हणून डिजिटल सहीचा सातबारा स्वतः काढा, मालकाने दिलेल्या झेरॉक्सवर जाऊ नका. त्यावरच्या प्रत्येक फेरफार क्रमांकाचा उतारा मागवा आणि वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च, म्हणजे त्या मिळकतीच्या जुन्या नोंदणीकृत व्यवहारांचा शोध, घ्या. बहिणींचं हक्कसोडपत्र नोंदणीकृतच हवं; स्टॅम्पपेपरवरची 'संमती' घेऊन काही उपयोग नाही. सातबारा सामाईक असेल, म्हणजे एकाच क्षेत्रावर दहा-बारा नावं असतील, तर तुमचा गुंठा त्यातला नेमका कुठला? मोजणीची 'क' प्रत, म्हणजे सरकारी मोजणीचा हद्दी दाखवणारा नकाशा, नसेल तर उत्तर कोणाकडेच नसतं. भोगवटादार वर्ग २, म्हणजे सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन, दिसलं तर परवानगीचा कागद हातात येईपर्यंत थांबा. बिनशेती आदेश नसेल आणि घर गुंठेवारीतलं, म्हणजे मंजुरीशिवाय गुंठ्या-गुंठ्याने विकलेल्या जमिनीवरचं असेल, तर २००१ च्या कायद्याखाली ते नियमित झाल्याचा दाखला मागा. "होऊन जाईल" हा दाखला नव्हे.

"घरपट्टी माझ्याच नावावर येते" हे वाक्य हमखास ऐकायला मिळेल. घरपट्टीने मालकी ठरत नाही. "बँकेने कर्ज दिलंय की" हेही तसंच. बँक तिची वसुली बघते, तुमची भाऊबंदकी नाही.

पुढचं सोपं आहे. मंजूर नकाशा हातात धरून टेपने घर मोजा. बाजूच्या मोकळ्या जागेत पत्रा टाकून काढलेली खोली नकाशात नसते, तिचे पैसे देऊ नका. भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे बांधकाम राहण्यायोग्य असल्याचा दाखला, बघा. भाव ठरवायचा तर त्याच गल्लीतल्या अलीकडच्या खरेदीखतांचे इंडेक्स टू (व्यवहाराच्या नोंदीचा गोषवारा) नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर बघा. एजंटाचा आकडा आणि तिथला आकडा बऱ्याचदा जुळत नाही.

आणि इसार पावतीत एक ओळ घालून घ्या: 'कागदपत्रांत दोष निघाल्यास संपूर्ण रक्कम पंधरा दिवसांत परत.' माझ्या पावतीत ती नव्हती.