प्राथमिक चिनी शिकताय? इंग्रजीमार्गे जाण्याची चूक टाळा

दिवाळीच्या सुट्टीत बाहेरगावच्या विद्यापीठांतून मुलं घरी आली, की त्यातली चार-पाच जण वह्या घेऊन माझ्याकडे येतात. कुणी अमळनेरचं, कुणी शहाद्याचं, एखादी रावेरची. पहिल्या वर्षाला चिनी घेतलेलं असतं, पहिली चाचणी झालेली असते आणि चेहरे पडलेले असतात. मी आधी वही मागते. डावीकडे चिनी अक्षर, मधे रोमन उच्चार, उजवीकडे इंग्रजी अर्थ. मराठी एका ओळीतही नसते. गाडी कुठे अडली आहे ते तिथेच कळतं.

माझंही पहिलं वर्ष असंच गेलं. वर्गात सगळं इंग्रजीतून चालायचं, म्हणून मीही डोक्यात आधी इंग्रजी वाक्य करायचे आणि मग त्याचं चिनी. पुढे शिकवायला लागले तेव्हा लक्षात आलं, की आपल्या मुलांच्या निम्म्याहून अधिक चुका चिनीच्या अवघडपणातून येत नाहीत, त्या या वळशातून येतात. ज्या गोष्टी मराठीतून हाताशी असतात, त्या आपण इंग्रजीतून शोधत बसतो.

रोमन अक्षर दिसलं की इंग्रजी उच्चार

चिनी उच्चार रोमन लिपीत लिहिण्याची पद्धत म्हणजे पिनयिन. चीनमध्ये ती १९५८ साली अधिकृत झाली. तिच्या घडणीत ज्यांचा मोठा वाटा होता ते चौ यौक्वांग २०१७ साली, वयाच्या १११व्या वर्षी वारले. ही पद्धत चिनी शिकणाऱ्यांसाठी केली आहे, इंग्रजी वाचणाऱ्यांसाठी नाही. तिच्यातली अक्षरं इंग्रजीसारखी वाचली की उच्चार पहिल्या दिवसापासून बिघडतो.

पिनयिनमधला 'बी' म्हणजे आपला प. 'पी' म्हणजे फ, पण ओठ पूर्ण मिटून काढलेला, फणसातला. 'डी' म्हणजे त, 'टी' म्हणजे थ. 'जी' म्हणजे क, 'के' म्हणजे ख. चिनीत प-फ, त-थ, क-ख हा फरक श्वासाचा आहे आणि तो आपल्या बाराखडीत लहानपणापासून आहे. इंग्रजी बोलणाऱ्याला हा फरक कळावा म्हणून तोंडासमोर कागद धरून फुंकर तपासायला लावतात. आपल्याला त्याची गरज नाही. वर्तमानपत्रात ज्याला बीजिंग म्हणतात ते चिनी माणसाच्या तोंडी 'पेइचिंग'च्या जवळ जातं.

च-वर्गात तर मराठीची खरी श्रीमंती दिसते. 'चार' मधला च आणि गुरांच्या 'चारा' मधला च वेगळे आहेत, हे आपल्याला कुणी शिकवलेलं नसतं, तरी आपण चुकत नाही. पिनयिनचा 'जे' हा चार मधला च, 'क्यू' हा छ, 'एक्स' हा श. 'झेड' हा चारा मधला च. 'एसएच' म्हणजे जीभ मागे वळवलेला खरा ष, जो आपण लिहितो पण बोलताना बहुतेकदा श करून टाकतो. 'झेडएच' आणि 'सीएच' हे तशीच जीभ वळवून काढलेले च आणि छ. नवा सराव लागतो तो 'सी'साठी: चारा मधला च, पण फुंकर घालून. आणि 'आर'साठी.

एक खाच आहे. 'षऽ' किंवा 'सऽ' या उच्चारांत पिनयिन 'आय' लिहितं, पण तिथे ई नसते. जीभ ष वर किंवा स वर तशीच ठेवायची आणि आवाज चालू ठेवायचा. चार म्हणजे सऽ, दहा म्हणजे षऽ. ई लावून वाचणारा विद्यार्थी आकडे सांगतानाच पकडला जातो.

उपाय साधा आहे. पहिला महिनाभर प्रत्येक शब्दाखाली देवनागरी लिहा आणि शेजारी टोनचा, म्हणजे शब्द ज्या सुरात म्हणायचा त्या सुराचा, आकडा टाका. नुसती देवनागरी चालणार नाही, तिच्यात टोन नाही. महिन्यानंतर ती सोडून द्या, तोवर कान तयार झालेला असतो.

घरी अहिराणी बोलणाऱ्या मुलांना मला इथे मुद्दाम काही सांगायचं आहे. 'डोळा', 'केळी'ऐवजी 'डोया', 'केयी' म्हटल्यावर शहरात हसणारे भेटलेले असतात, त्यामुळे ही मुलं परक्या भाषेच्या वर्गात तोंडच उघडत नाहीत. घरी अहिराणी, शाळेत मराठी, बाजारात हिंदी, नवापूरकडे तर गुजरातीही. दिवसातून चार वेळा उच्चार बदलणारी ही जीभ आहे. ती बांधून ठेवू नका. वर्गात पहिला आवाज तुमचा येऊ द्या.

टोन नंतर बघू

ही सगळ्यात महाग पडणारी चूक. शब्द आधी पाठ करायचा आणि टोन परीक्षेच्या आदल्या आठवड्यात. टोन हा शब्दाचाच भाग आहे, काना-मात्रेसारखा. 'माय' घ्या. आपल्याकडे माय म्हणजे आई. चिनीत माय तिसऱ्या टोनमध्ये म्हणजे विकत घेणे आणि चौथ्या टोनमध्ये म्हणजे विकणे. कापसाच्या व्यापारात हा टोन चुकला तर घेणारा कोण आणि देणारा कोण, हेच उलटं होईल.

टोन कळावेत म्हणून मी मुलांना 'हं' म्हणायला लावते. उंच पट्टीत सरळ धरलेला 'हंऽऽ' हा पहिला. ऐकू आलं नाही म्हणून विचारलेला 'हं?' हा दुसरा. मनात शंका ठेवून खाली दाबलेला, जडसा 'हंऽ' हा तिसरा. 'हं! झालं!' असा वरून खाली आपटलेला चौथा. याशिवाय एक हलका, बिनटोनचा उच्चार असतो. हे सगळे सूर आपल्या गळ्यात आहेत. फरक इतकाच, की मराठीत ते भाव दाखवतात आणि चिनीत अर्थ.

तिसरा टोन पुस्तकात खाली जाऊन वर येणारा काढलेला असतो. सुटा शब्द म्हणताना तो तसा येतो, पण वाक्यात बहुतेकदा नुसता खालीच राहतो. प्रत्येक वेळी वर ओढत बसलात तर वाक्य गचके खातं. दोन तिसरे टोन लागोपाठ आले तर त्यातला आधीचा दुसऱ्या टोनवर जातो. 'नी हाओ' हा रोजचा नमस्कारच तसा आहे. 'पू', म्हणजे नाही, हा चौथ्या टोनचा शब्द. पुढे चौथाच टोन आला की तोही दुसऱ्या टोनवर जातो.

प्रश्न विचारताना वाक्याचं शेपूट वर न्यायची सवयही मोडा. तसं केलं की शेवटच्या शब्दाचा टोन जातो. चिनीत प्रश्नासाठी शेवटी 'मा' लावतात, थेट आपल्या 'का'सारखा. 'नी छऽ ल मा?' म्हणजे 'जेवलास का?' आणि हे वाक्य तिकडेही आपल्यासारखंच, जेवणाची चौकशी न करता भेटल्यावर बोलायचं म्हणून बोललं जातं. अहिराणीत रस्त्यात भेटल्यावर 'कथा चालनात?' विचारतात, तसाच प्रश्न चिनीतही विचारतात. कुठे जाताय याचा हिशेब कुणी मागत नसतं.

सरावासाठी सुटे शब्द म्हणू नका, जोड्या म्हणा. चार टोन आणि पुढे पाच शक्यता, म्हणजे वीस जोड्या. प्रत्येकीचा एकेक शब्द निवडा, मोबाइलवर स्वतःचा आवाज भरा आणि मूळ आवाजाशेजारी ऐका. रोज दहा मिनिटं पुरतात, पण रोज.

एक 'आहे', चार वाटा

वर सांगितलं की मराठीतून या. इथे मात्र मराठीही फसवते, आणि इंग्रजीही तितकीच. 'मी विद्यार्थी आहे', 'मी घरी आहे', 'माझ्याकडे पुस्तक आहे', 'मी बरी आहे' ही चार वाक्यं पहिल्या तासाला लिहून घ्या. मराठीत चारही ठिकाणी आहे. चिनीत पहिल्याला 'षऽ', दुसऱ्याला 'चाय' (चारा मधला च), तिसऱ्याला 'यौ', आणि चौथ्याला यातलं काहीच नाही. तिथे विशेषणाआधी 'हन' येतं: 'वो हन हाओ'. 'वो षऽ हाओ' ही चूक मी दरवर्षी प्रत्येक नव्या वहीत बघते.

'नाही'चंही तसंच. जाणार नाही, जात नाही याला 'पू'. गेलो नाही, माझ्याकडे नाही याला 'मेय'. 'यौ'च्या आधी 'पू' कधीच लावू नका.

'ल' म्हणजे आपला 'ला' नाही

क्रियापदामागे येणारा 'ल' ऐकला की गेला, जेवला, आला आठवतं, आणि मुलं भूतकाळ दिसेल तिथे ल चिकटवतात. ल काळ दाखवत नाही. काम पुरं झालं किंवा परिस्थिती बदलली, हे तो सांगतो. 'काल मी कामात होतो' हे भूतकाळातलं वाक्य आहे, पण तिथे ल लागत नाही. 'काल' हा शब्द पुरतो. उलट अजून न झालेल्या गोष्टीलाही तो लागतो. टपरीवर हाक मारली की पोरगा जागचा न हलता 'आलो, आलो!' म्हणतो ना? चिनी पोरगाही तेच म्हणतो: 'लाय ल!' हे एक उदाहरण डोक्यात ठेवलं, की व्याकरणाची दोन पानं आपोआप कळतात.

वाक्याची मांडणी

थोडक्यात सांगते. 'मी-उद्या-बाजारात-घेते-केळी' ही चिनी मांडणी. कर्म शेवटी गेलं, एवढाच बदल. वेळ आणि जागा आपल्यासारखीच क्रियापदाआधी. इंग्रजीतून येणारी मुलं 'उद्या' शेवटी टाकतात. 'मी काल घेतलेली केळी' याला इंग्रजीत जोडवाक्य करावं लागतं; चिनीत 'मी-काल-घेतले-द-केळी' ('द' हा जोडणारा शब्द), जवळपास जसंच्या तसं. तारीख आणि पत्ता मात्र मोठ्याकडून लहानाकडे: आधी वर्ष, मग महिना, मग दिवस.

तीन केळी, पण तीन काय?

चिनीत आकडा आणि वस्तू यांच्यामध्ये मापाचा शब्द लागतोच. मुलं सगळीकडे 'क' हा सर्वसाधारण शब्द लावून वेळ मारून नेतात. समोरच्याला कळतं, पण गुण जातात आणि कानाला खटकतं. केळीच्या मुलखातल्या माणसाला ही गोष्ट जड जाऊ नये. घड, फणी आणि सुटं केळं यांत आपण गल्लत करतो का? चिनीतही एका केळ्याला 'ई कन श्यांगच्याओ' म्हणतात. 'कन' लांबट वस्तूंसाठी. हातात धरता येईल अशा फणीला 'ई पा'. पुस्तकाला 'पन'. नवीन नाम लिहाल तेव्हा त्याचं माप शेजारीच लिहा. आणि मोजताना दोनसाठी 'अर' नको, 'ल्यांग' हवं. आपणही दोन माणसं आली म्हणण्याऐवजी दोघं आली म्हणतो.

श्यांग म्हणजे सुवास आणि च्याओ म्हणजे केळ. रावेर-सावद्याच्या बाजूला पिकलेल्या केळीच्या खोलीत जो गेला आहे, त्याला हा शब्द विसरता येणार नाही.

लाखाचे दहा 'वान'

मोठ्या आकड्यांत सगळेच घसरतात. चिनी मोजणी चार-चार शून्यांनी चालते. दहा हजाराला स्वतंत्र शब्द आहे, 'वान'. संस्कृतात त्याला अयुत म्हणत. दीड लाख लिहा, उजवीकडून चार आकडे सोडून रेघ मारा: १५|००००. झालं, पंधरा वान. एक कोटी म्हणजे एक हजार वान. दहा कोटींना पुन्हा नवा शब्द, 'ई'. इंग्रजी मिलियनमधून जाल तर दोनदा हिशेब करावा लागेल.

अक्षर चित्रासारखं काढणं

गणिताची चौकटीची वही घ्या. अक्षर लहान असो की मोठं, एकाच चौकोनात. रेघांचा क्रम पहिल्या दिवसापासून पाळा: वरून खाली, डावीकडून उजवीकडे, छेद असेल तिथे आडवी आधी. बंद चौकोन असेल तर आधी आतलं भरायचं, मग खालची रेघ. माणूस आत गेल्यावर दार लावतात, असं चिनी शिक्षक मुलांना सांगतात.

अक्षर सबंध घोकू नका, फोडा. 'मा', म्हणजे आई, या अक्षरात डावीकडे बाई आणि उजवीकडे घोडा आहे. घोड्यालाही 'मा'च म्हणतात. तो फक्त उच्चार सांगायला बसला आहे. बहुतेक अक्षरं अशीच, एक भाग अर्थाचा आणि एक उच्चाराचा. माय-माय आठवा: 'विकणे'चं अक्षर म्हणजे 'विकत घेणे'च्या डोक्यावर एक अधिकचं चिन्ह.

मोबाइलवर पिनयिन टाकून अक्षर निवडता येतं, म्हणून हाताचा सराव सोडला तर लेखी परीक्षेत हात थांबतो. ही अडचण चिनी लोकांनाही येते.

संस्कृतीचा पेपर म्हणजे सणांची यादी नव्हे

ड्रॅगन, कंदील, वसंतोत्सव एवढ्यावर उत्तर लिहून मुलं मोकळी होतात. त्यापेक्षा नात्यांपासून सुरुवात करा. अंकल आणि आँटीत जे बुडून जातं ते चिनीत सगळं वेगळं आहे: आत्या 'कू-कू', मावशी 'ई-मा', मामा 'च्यौ-च्यौ'. वडिलांच्या थोरल्या आणि धाकट्या भावालाही निरनिराळे शब्द. आईकडच्या आजी-आजोबांना 'वाय' म्हणजे बाहेरचे, हे वाचून एका मुलीला फार वाईट वाटलं होतं. त्या एका शब्दावर आमचा तासभर बोलण्यात गेला, आणि तिचं त्या पेपरातलं सर्वात चांगलं उत्तर तेच झालं.

आणखी एक गोष्ट दाराशी असून नजरेतून सुटते. शाळेच्या पुस्तकातला ह्युएनत्संग आणि पिनयिनमधला श्वेनचांग हे एकच, लिहिण्याची पद्धत तेवढी बदलली. सातव्या शतकात ते महाराष्ट्रात आले, तेव्हा दुसऱ्या पुलकेशीचं राज्य होतं. त्यांनी डोंगरातल्या एका विहाराचं आणि दाराशी असलेल्या दगडी हत्तींचं वर्णन लिहून ठेवलं आहे. अभ्यासक ते अजिंठ्याचं मानतात. जळगावहून अजिंठा साठेक किलोमीटर. सुट्टीत जाऊन या आणि सोळाव्या लेण्याच्या पायऱ्यांपाशी हत्ती बघा.

रीतिरिवाजांत एकच सांगते: आपल्याकडे लग्नात, निरोप समारंभात भिंतीवरचं घड्याळ सर्रास देतात, चिनी शिक्षकांना देऊ नका. 'घड्याळ देणे' आणि 'अखेरचा निरोप देणे' यांचा उच्चार एकच आहे.

राहिलं नाव. आपलं नाव तुकडे पाडून जसंच्या तसं चिनीत ओढू नका. सहा-सात अक्षरांचं ते नाव कुणाच्या लक्षात राहत नाही. १९३८ साली चीनला गेलेले सोलापूरचे डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस तिकडे 'ख तीह्वा' म्हणून ओळखले जातात. आडनाव कोटणीसच्या पहिल्या अक्षराजवळचं, आणि शेवटी ह्वा म्हणजे चीन. त्यांच्या भारतीय वैद्यकीय पथकातल्या पाचही डॉक्टरांच्या चिनी नावांच्या शेवटी हे ह्वा आहे. शिक्षकांसोबत बसा, आडनावाचं एक अक्षर आणि नावाची एक-दोन निवडा, प्रत्येकाचा अर्थ आणि टोन विचारून घ्या. मग वहीच्या पहिल्या पानावर, चौकटीत, रेघांच्या क्रमानं ते लिहा. त्याच्या खाली मराठीत अर्थ लिहा.