गढूळ पाण्यासाठी कायटोसॅन: आधी बरणीत, मग टाकीत

माशांच्या टाकीतलं गढूळ पाणी निवळायला कायटोसॅन वापरता येतं. कोळंबी आणि खेकड्यांच्या कवचातल्या कायटिन या घटकापासून ते बनतं. आम्लात विरघळलं की त्याच्यावर धन विद्युतभार येतो. पाण्यात तरंगणारे मातीचे, शेवाळाचे, विष्ठेचे कण बहुतेक ऋण भाराचे असतात. ते कायटोसॅनला चिकटतात, त्यांचे गुच्छ होतात आणि तळाशी बसतात.

साध्या पाण्यात कायटोसॅनची पूड विरघळत नाही, नुसती तरंगत राहते. एक भाग व्हिनेगर (५ टक्के आम्लाचं) आणि चार भाग पाणी घ्या. अशा १०० मिलिलिटरमध्ये १ ग्रॅम पूड घालून काही तास ढवळा. हे द्रावण दहापट पातळ केलं की त्याच्या १ मिलिलिटरमध्ये १ मिलिग्रॅम कायटोसॅन येतं, म्हणजे मोजमाप सोपं.

आता एकेक लिटर गढूळ पाण्याच्या चार बरण्या घ्या आणि त्यांत हे पातळ केलेलं द्रावण अनुक्रमे १, २, ४, ८ मिलिलिटर घाला. मिनिटभर जोरात, मग दहा मिनिटं हळू ढवळा आणि अर्धा तास थांबा. सर्वांत कमी मात्रेत जी बरणी निवळली, तीच मात्रा तुमची. जास्त घातलं तर कण पुन्हा एकमेकांना ढकलतात आणि पाणी गढूळच राहतं.

सगळ्यात महत्त्वाचं: मासे असलेल्या टाकीत हे द्रावण कधीही थेट ओतू नका. विरघळलेलं कायटोसॅन अगदी थोडं असलं तरी माशांच्या कल्ल्यांना इजा करतं. ट्राउटसारखे मासे त्याने मरतात. वेगळ्या टाकीत पाणी निवळू द्या, वरचं पाणी गाळा, सामू (pH, म्हणजे पाणी किती आम्ल-अल्कली आहे ते) तपासा आणि आधी दोनचार मासे सोडून दिवसभर पाहा. विरघळलेला अमोनिया मात्र याने जात नाही, त्यासाठी जैविक गाळणी (जिच्यातले जिवाणू अमोनियाचं रूपांतर करतात) हवीच.