डायनॅमिक टीकॅममध्ये रिफ्रेश कसा बसवायचा

इंदूरला फायनल इयरला कोणी डायनॅमिक टीकॅमचा (दिलेला डेटा सगळ्या ओळींशी एकदम ताडून बघणारी मेमरी, बिट चार्जच्या रूपात साठवणारी) प्रोजेक्ट घेतला की सर्च सर्किट अगदी मन लावून करतात, मॅचलाइनचे (ओळ जुळली की नाही ते सांगणारी तार) वेव्हफॉर्म दाखवतात, आणि रिफ्रेशचं, म्हणजे गळणारा चार्ज वेळोवेळी परत भरण्याचं, काय विचारलं की डीरॅमसारखाच (कॉम्प्युटरची नेहमीची मेमरी) करून टाकू म्हणतात. तसं करू नका प्लीज, इथे मामला वेगळा आहे.

टीकॅमच्या सेलमध्ये दोन स्टोरेज नोड असतात. एक चार्ज केला तर १, दुसरा केला तर ०, आणि नेहमीच्या नॉर टाइप सेलमध्ये दोन्ही रिकामे ठेवले तर एक्स, म्हणजे काहीही आलं तरी मॅच. आता चार्ज गळाला की १ चा ० होत नाही, सरळ एक्स होतो. मॅचलाइन खाली ओढणारा ट्रान्झिस्टरच बंद पडतो, मग जी ओळ मॅच व्हायला नको ती पण मॅच दाखवते, एरर वगैरे काहीच दिसत नाही, आणि राउटरमध्ये असेल तर पॅकेट भलत्याच पोर्टला जातं. म्हणून रिफ्रेशचा हिशोब आधी, लेआउट नंतर.

हिशोब असा, कपॅसिटन्स गुणिले व्होल्टेज किती उतरलेलं चालेल ते, भागिले लीकेज. समजा २० फेम्टोफॅरड, ०.३ व्होल्ट आणि १ पिकोअँपियर, तर आले ६ मिलिसेकंद. त्यातले निम्मेच धरा, ३. ओळी ५१२ असतील तर साधारण ५.८ मायक्रोसेकंदाला एक ओळ रिफ्रेश झाली पाहिजे. फक्त लीकेज २५ डिग्रीचं घेऊ नका हं, ढोबळमानाने दर १० डिग्रीला ते दुप्पट होतं, म्हणजे ८५ डिग्रीला जवळपास ६४ पट. आपल्याकडे मे महिन्यात बाहेरच ४० च्या वर पारा जातो, त्यात डब्यात बंद चिप.

रिफ्रेशचा क्रम डीरॅमचाच: बिटलाइन (सेलचा डेटा ने-आण करणाऱ्या तारा) अर्ध्या सप्लायवर प्रीचार्ज करायच्या, वर्डलाइन (ओळ उघडणारी तार) वर, सेन्स अँप (बिटलाइनवरचा बारीक फरक ओळखून मोठा करणारं सर्किट) चालू, आणि नोड परत पूर्ण लेव्हलला येईपर्यंत वर्डलाइन खाली आणायची नाही. वर्डलाइन सप्लायपेक्षा निदान एक थ्रेशोल्ड (ट्रान्झिस्टर चालू व्हायला लागणारं व्होल्टेज) वर न्या, नाहीतर सेलच्या एनमॉस ट्रान्झिस्टरमधून पूर्ण १ जातच नाही.

खरी भानगड सर्चशी आहे. वर्डलाइन उघडल्या उघडल्या नोडचा चार्ज बिटलाइनमध्ये वाटला जातो, तेवढा वेळ त्या ओळीत ना धड १ ना धड ०, आणि नेमका तेव्हाच सर्च आला तर त्या ओळीचं उत्तर चुकीचं. ओळ नुसती मास्क करून बाकीच्यांवर सर्च चालवता येतो, पण मग खरी मॅच त्याच ओळीत असली तर ती हुकते, मला ते पटत नाही. त्यापेक्षा सर्च नसेल ती सायकल रिफ्रेशला द्या, आणि डेडलाइन जवळ आली की कंट्रोलरने सर्च २-४ सायकल थांबवावा. १०० मेगाहर्ट्झला ४ सायकल म्हणजे ४० नॅनोसेकंद, ५.८ मायक्रोसेकंदात १ टक्कासुद्धा जात नाही.

आणखी एक, सर्चमध्ये सगळ्या ओळी एकदम तपासल्या जातात, डेटा बाहेर येतच नाही, त्यामुळे पॅरिटी (ओळीतला बिट बिघडलाय का ते दाखवणारा जादा बिट) बघायला जागाच नसते. रिफ्रेशमध्ये ओळ सेन्स अँपवर आलेलीच असते, तिथेच पॅरिटी चेक लावून घ्या.

टेस्ट करताना सगळीकडे १ लिहा, बिटलाइन ० वर धरा कारण गळती तेव्हाच जास्त होते, ८५ डिग्रीला रिफ्रेश बंद करा आणि थोड्या थोड्या वेळाने एक बिट उलटा असलेला सर्च टाकत जा, दरवेळी बिट बदलून. पहिली खोटी मॅच ज्या वेळेला येईल तो तुमचा खरा रिटेन्शन टाइम, कंट्रोलरचा काउंटर त्याच्या निम्म्यावर लावा.