जुन्या गाडीचा कंपनी फिटिंग टेप न उचकटता कसा काढायचा

गेल्या डिसेंबरात निफाडकडचे एक कांदेवाले सकाळी सातलाच जुनी पिकअप घेऊन आडगाव नाक्यावर माझ्याकडे आले. गाण्यांचा टेप काढून नवा बसवायचा होता. मी म्हटलं, "दादा, गाडी उन्हात लावा, बारानंतर हात लावू." जुनं प्लास्टिक थंडीत कडक होतं, जरा ताणलं की तडकतं. निफाडची थंडी त्यांना मी काय सांगणार! डॅशबोर्डला आधीच एक चीर होती, कुणीतरी पेचकस घालून टेप उचकटायला गेलं होतं. अशी चीर बघितली की जीव हळहळतो. जुन्या गाडीचा डॅशबोर्ड शोधत भंगार पालथं घालावं लागतं.

आधी बॅटरीची मायनस तार सोडा. टेप कोड मागणारा असेल तर कोड त्याआधीच लिहून ठेवा. मग भोवतीची फ्रेम. तीन कोपरे हलतात आणि चौथा हलत नाही, तर स्क्रू तिथेच लपलाय. ॲश ट्रे काढून बघा.

साधा टेप म्हणजे तोंड १८० बाय ५० मिलिमीटर. तो पत्र्याच्या पिंजऱ्यात बसतो आणि दोन्ही बाजूंच्या स्प्रिंगच्या लॉकवर धरलेला असतो. तोंडावर दोन्हीकडे दोन-दोन बारीक भोकं असतील तर त्यात यू आकाराच्या किल्ल्या घालायच्या. 'टक्' वाजलं की किल्ल्या किंचित बाहेरच्या बाजूला ताणून टेप सरळ ओढायचा. भोकांऐवजी कडेला उभी फट असेल तर हॅक्सॉ ब्लेडचे दोन तुकडे घ्या, दात घासून टाका आणि दोन्हीकडून एकदम सरकवा. एकच बाजू दाबली तर टेप तिरका होऊन जास्तच आवळतो.

त्या पिकअपमध्ये ब्लेड आत जाईनाच. टॉर्च मारून बघितलं तर फटीत कांद्याची फोलपटं आणि धुळीचा घट्ट थर. ब्रशने कोरलं, पंक्चरवाल्याकडून हवा मारून घेतली. ऑइल मारायचं नाही, त्याने धुळीचा चिखल होतो.

लॉक सुटले, टेप अर्धा इंच पुढे आला आणि थांबला. बरेच जण इथेच जोर लावतात आणि डॅशबोर्ड फोडतात. अशा वेळी मागे पट्टी आणि नट असतो. डावीकडचा कप्पा उतरवून हात घाला. आमचा नट गंजला होता, त्याला अर्धा तास गेला.

टेप बाहेर आला की आधी मोबाइलवर फोटो काढा. एरियलची पिन सरळ ओढा, कनेक्टरची जीभ दाबून सोडा. कनेक्टर कापू नका. नव्या टेपची पिवळी वायर कायम करंटची, लाल चावीची (चावी फिरवली की करंट येणारी), काळी अर्थची. गाडीकडचे रंग मात्र वेगळे असू शकतात, टेस्ट लॅम्प लावूनच जोडा.

मोठा ट्रक असेल तर बॅटऱ्या दोन आणि करंट २४ व्होल्ट. १२ व्होल्टचा टेप तिथे सरळ जोडला तर जळतो, मध्ये कन्व्हर्टर घालाच. एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट काढू नका, दोन्ही सारख्या चार्ज होत नाहीत आणि लवकर बसतात.