फीट, तेल आणि चप्पल : या चुका टाळा

ठाण्यात नौपाड्यातल्या एका छोट्या लॅबमध्ये मी 18 वर्षं ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेचा आलेख, काढतेय. पहिलीच विनंती: डोकं तेलाने चोपडून येऊ नका. मेंदूतली वीज मायक्रोव्होल्टमध्ये, म्हणजे व्होल्टच्या दहा लाखाव्या भागात, मोजावी लागते. तेलाचा थर असला की इलेक्ट्रोड धड चिकटत नाहीत आणि आलेखात नुसता कचरा येतो. आदल्या रात्री शाम्पू करा, बस्स. आणि हे मशीन शॉक देत नाही हो! 1924 साली जर्मनीत हान्स बर्गरने माणसाच्या डोक्यावरून या लहरी पहिल्यांदा टिपल्या, तेव्हापासून ते फक्त ऐकतंय.

आता चप्पल. ठाणे स्टेशन, संध्याकाळची गर्दी, कॉलेजचा पोरगा फीट येऊन पडलेला. एकाने चप्पल नाकाला लावली, दुसऱ्याने कुणाच्या तरी पिशवीतला कांदा फोडला, तिसऱ्याने दातात किल्ली कोंबली. मी घुसेपर्यंत पुढचा दात तुटला होता. दीडेक मिनिटात फीट थांबली आणि चप्पलवाल्याची कॉलर ताठ. अहो, बहुतेक फिटा दोन-तीन मिनिटांत आपोआपच थांबतात, म्हणून तर चपलेला श्रेय मिळतं! इसवी सनापूर्वी 400 च्या सुमारास ग्रीक वैद्यांनी लिहून ठेवलंय की हा आजार दैवी नाही, मेंदूचा आहे. चरकसंहितेत अपस्माराच्या, म्हणजे याच फिटांच्या, चिकित्सेचा स्वतंत्र अध्याय आहे. आपण अजून प्लॅटफॉर्मवर चप्पल शोधतोय.

मी काय करते? कुशीवर वळवते, डोक्याखाली ओढणी, मग घड्याळ. तोंडात काही नाही, पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत पाणीसुद्धा नाही. पाच मिनिटं उलटली, किंवा लागोपाठ दुसरी आली, तर 108.

‘सहा महिने फीट नाही, म्हणून गोळी बंद केली’ म्हणणाऱ्यांवर मी चिडते. फीट नाही ती गोळीमुळेच.

पक्षाघात झाला की ‘अंगावरून वारं गेलं’ म्हणून तेल चोळत बसू नका. आमच्या कळव्याच्या शेजाऱ्यांनी तोंड वाकडं झालेल्या काकांना सकाळपर्यंत चोळलं. मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन त्रास सुरू झाल्यापासून सहसा साडेचार तासांच्या आतच देतात, आणि त्याआधी सीटी स्कॅन करून रक्तस्राव नाही ना, हे बघावं लागतं. माणूस शेवटचा धडधाकट कधी दिसला, ती वेळ मी आधी हातावर पेनाने लिहिते.

‘आपण 10 टक्केच मेंदू वापरतो’ हे थोतांड. वजनाच्या दोनेक टक्के असलेला अवयव शरीराची 20 टक्के ऊर्जा खातो, तो काय रिकामा बसून?

आणि ते ‘ठाण्याला पाठवा’चे विनोद. इथलं मनोरुग्णालय 1901 पासूनचं, विनोदही तितकेच शिळे. मनोरुग्णाला भूल न देता विजेचा शॉक द्यायला 2017 च्या कायद्याने बंदी आहे, तरी लोकांच्या डोक्यात जुन्या सिनेमातली खोली. परवा एका गृहस्थांनी रिपोर्ट साध्या पिशवीत मागितला, लॅबचं नाव दिसायला नको म्हणून. रिपोर्ट नॉर्मल होता. साडीच्या दुकानाची पिशवी सापडली, तीच दिली.