रद्दीच्या कागदावरचे नायक

तान्ह्या पोळ्याला लाकडी नंदी घेऊन नागपूरच्या महाल भागातल्या गल्ल्या पालथ्या घातल्या की संध्याकाळपर्यंत दोन-अडीच रुपयांचा बोजारा (घरोघरी मिळणारी खुशाली) जमायचा. तो मुठीत घट्ट धरून मी किरायाने कॉमिक्स देणाऱ्या टपरीवर जायचो. घरी न्यायचं तर अंकाला २५ पैसे रोज, तिथंच फळीवर बसून वाचायचं तर १०. मी बसूनच वाचायचो, कारण तेवढ्याच पैशांत जास्त वेताळ, म्हणजे इंग्रजीतला फँटम, मिळायचा. पावसाळा सरत आलेला असायचा, अंक दमट असायचे आणि पानं उलटताना शाईचा नि ओल्या कागदाचा मिळून एक वास यायचा. आज पंचावन्नी उलटली, घरात कॉमिक्सच्या अकरा पेट्या आहेत, आणि पेटी उघडली की अजूनही मी आधी तो वास घेतो.

ओळखीतली तरुण मुलं आता विचारायला येतात की जुनी सुपरहिरो कॉमिक्स जमवायची आहेत, सुरुवात कुठून करायची? त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. बहुतेकांचा पहिला प्रश्न किमतीचा असतो. मी त्यांना आधी कागद हातात धरायला देतो.

जून १९३८ ही तारीख छापलेल्या ॲक्शन कॉमिक्सच्या पहिल्या अंकात सुपरमॅन आला, तेव्हा त्या अंकाची किंमत होती १० सेंट. त्याला घडवणाऱ्या जेरी सीगल आणि जो शुस्टर या दोन तरुणांनी त्याचे हक्क १३० डॉलरला देऊन टाकले होते. कॉमिक ही पोरांनी वाचून टाकून द्यायची वस्तू होती, म्हणून ती सगळ्यात स्वस्त कागदावर छापायची. तो कागद म्हणजे न्यूजप्रिंट. लाकूड दळून केलेल्या या लगद्यात लिग्निन हा लाकडातला घटक तसाच राहतो. ऊन आणि हवा लागली की कागद पिवळा पडतो, त्यात आम्ल तयार होत जातं आणि शेवटी पान वाकवलं की तुटतं. म्हणजे तुम्ही जे जमवणार आहात ते पहिल्या दिवसापासून मरत चाललेलं आहे. आपल्या हातात असतं ते त्याचं आयुष्य थोडं लांबवणं.

पण याच कागदाने ही चित्रकला घडवली, आणि माझं सगळ्यात ठाम मत इथं आहे. न्यूजप्रिंट शाई पितो, बारीक रेघ त्यावर पसरते. म्हणून चित्रकार काळी रेघ जाड आणि निश्चयाने ओढत. निळा, लाल आणि पिवळा या तीन शाईंच्या तीन-तीन छटा धरल्या की जुळवाजुळव करून ६४ रंग मिळत. अमेरिकेतली जुनी कॉमिक्स एवढ्यावर उभी होती. रंग सपाट, सावली काळ्या शाईची. आज त्याच कथा गुळगुळीत कागदावर, संगणकाने चढउतार दिलेल्या रंगांत पुन्हा छापतात. मला त्या बघवत नाहीत. खादीच्या सदऱ्यावर जरी शिवावी तसं वाटतं. कथा वाचायला त्या आवृत्त्या जरूर घ्या, त्यात काही गैर नाही. पण एकदा तरी मूळ अंक खिडकीच्या उजेडात धरून बघा, रंगाचे ठिपके दिसतील इतक्या जवळून. मग चित्रकाराने काय केलं होतं ते कळतं.

मला ते कळलं नागपूरच्या सदर भागातल्या एका जुन्या बंगल्यातून निघालेल्या गठ्ठ्यामुळे. त्यात फेब्रुवारी १९६६ चा अमेझिंग स्पायडरमॅनचा ३३ वा अंक होता, पाठ उसवलेला, एक कोपरा उंदराने खाल्लेला. अवजड यंत्राखाली स्पायडरमॅन दबलेला आहे, वरून पाणी ठिबकतंय, आणि आजारी काकूचं औषध समोर, हात पोचणार नाही इतक्या अंतरावर पडलंय. चित्रकार स्टीव्ह डिटकोने या एका प्रसंगाला पानंच्या पानं दिली आहेत. चौकटी मोठ्या होत जातात, आणि यंत्र शेवटी उचललं जातं तेव्हा एकच चौकट अख्खं पान घेते. मी तेव्हा पहिल्या नोकरीत होतो, घरी आईचं आजारपण चालू होतं. ते पान मी किती वेळ बघत बसलो होतो सांगता येणार नाही. डिटकोने काढलेले हात नीट बघा. बोटांतून माणसाची धडपड दाखवणारा तसा चित्रकार मला दुसरा भेटला नाही.

आता आपल्याकडचं. मराठी घरातला पहिला सुपरहिरो वेताळच. काही जण वाद घालतात की त्याच्याकडे अमानवी शक्ती नाही, मग तो सुपरहिरो कसा? माझ्या मते तो या सगळ्यांचा थोरला भाऊ आहे. लेखक ली फॉकने त्याला फेब्रुवारी १९३६ मध्ये वर्तमानपत्रात आणलं, सुपरमॅनच्या दोन वर्षं आधी. अंगाला चिकटून बसणारा पोशाख आणि बुबुळं न दिसणारे मुखवट्यातले डोळे, दोन्ही गोष्टी तेव्हापासूनच्या. जांभळा रंग छपाईतून आला आणि इतका रुजला की आपल्याला दुसरा सुचत नाही, पण स्वीडनमध्ये तो निळा असतो आणि इटलीत लाल.

टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशन संस्थेने मार्च १९६४ मध्ये इंद्रजाल कॉमिक्स सुरू केलं, किंमत ६० पैसे. पहिले ३२ अंक सगळे वेताळाचे. पुढे मॅन्ड्रेक, फ्लॅश गॉर्डन, रिप कर्बी हे नायक येत गेले. १९९० मध्ये मालिका बंद पडली तोवर ८०३ अंक निघाले होते. नवख्यांनी एक लक्षात ठेवावं: क्रमांक १२३ आणि १२४ शोधत बसू नका. छापखान्यातल्या संपामुळे ते निघालेच नाहीत. मी त्या दोन क्रमांकांसाठी दोन वर्षं नागपुरातल्या बर्डीचे (सीताबर्डीचे) फुटपाथ तुडवले, कारण तेव्हा हे सांगणारं कुणी नव्हतं. आणि ऐंशीच्या दशकात सलग क्रमांक जाऊन खंड आणि अंक अशी पद्धत आली, त्यामुळे यादी करताना घोळ होतो. यादी वहीत करा, भाषेचा रकाना वेगळा ठेवा.

भाषेचा रकाना नागपुरात फार महत्त्वाचा. १९५६ पर्यंत हे शहर आधी मध्य प्रांताची आणि मग मध्य प्रदेशाची राजधानी होतं. घरात मराठी, बाजारात हिंदी हे इथं कुणाला वेगळं वाटत नाही. त्यात दिल्ली-चेन्नई आणि मुंबई-हावडा हे दोन्ही रेल्वेमार्ग इथं एकमेकांना छेदतात. त्यामुळे इथल्या रद्दीत मराठी वेताळाच्या खाली हिंदी वेताल निघतो, त्याच्याखाली कुणी प्रवासात घेतलेला इंग्रजी अंक. पुण्या-मुंबईच्या जमवणाऱ्या मित्रांना हिंदी अंकांसाठी धडपडावं लागतं. आपल्याला ते घरबसल्या मिळतात. मराठी अंक मात्र दिसला की सोडू नका, कारण माझ्या अनुभवात तो सगळ्यात कमी वेळा दिसतो.

मिळतात कुठे? दुकानांपेक्षा माळ्यांवर. महाल, इतवारी, धंतोली इथली जुनी घरं पाडून फ्लॅट होतात तेव्हा गठ्ठे बाहेर पडतात आणि थेट कबाड्याकडे जातात. आपल्या भागातल्या तीन-चार कबाड्यांशी ओळख ठेवा, दिवाळीच्या साफसफाईच्या दोन आठवडे आधी त्यांना आठवण करून द्या. माझ्या ओळखीचे एक काका अजूनही सायकलची घंटी वाजवून हाक मारतात, "बावा, तुह्या कामाचं काही निघालं पाय." त्यांनी वजनाच्या भावात दिलं तरी मी अंकामागे ठरवून पैसे देतो. त्यांना त्याची किंमत माहीत नाही म्हणून आपण गप्प बसायचं, हे मला कधी पटलं नाही. आणि तेच काका पुढच्या वेळी गठ्ठा फोडण्याआधी मला हाक मारतात.

पैसे मोजून महाग अंक घेणार असाल तर एक भिंग खिशात ठेवा. नकली प्रती निघू लागल्या आहेत. जुना अंक स्कॅन करून नव्याने छापायचा, चहाच्या पाण्याने पिवळा करायचा. मूळ छपाईत काळी रेघ सलग, भरीव असते. स्कॅन करून छापलेल्या रंगीत प्रतीत ती भिंगाखाली रंगीत ठिपक्यांत फुटते. अक्षरांच्या कडा बघा, तिथं हे लगेच दिसतं. पिना बघा: चाळीस वर्षांच्या अंकात पिन गंजलेली असेल तर गंजाचा डाग आजूबाजूच्या कागदात उतरलेला असतो. नवी पिन आणि जुना कागद असं दिसलं तर पानांची संख्या मोजा.

बाइंडिंग केलेल्या खंडांबद्दल जमवणाऱ्यांत मतभेद आहेत. पूर्वी घरोघरी दहा-बारा अंक एकत्र शिवून पुठ्ठ्यात बांधायचे. बांधणारा कडा कापतो, कव्हर कधीकधी काढून टाकतो, म्हणून बाजारात त्यांना भाव नाही. मला ते खंड आवडतात. उजेड न लागल्यामुळे आतली पानं सुट्या अंकांपेक्षा ताजी राहिलेली असतात, आणि कुणाच्या तरी वडिलांनी मुलासाठी ते हौसेने बांधून घेतलेले असतात. ते उसवून सुटे अंक करू नका. शिवण निघते पण पाठीचा कागदही सोबत येतो.

जपणुकीबद्दल बोलायचं तर परदेशी सल्ले आपल्या हवेला पुरत नाहीत. इथं मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. २०१३ च्या मे मध्ये तर ४७.९ झाला होता. त्या कोरड्या उन्हात कागद कडक होतो. मग आपण कूलर लावतो आणि खोलीत दमट वारं भरतं. दुपारी ओलं, सकाळी कोरडं, असं तीन महिने रोज चालतं, आणि कागदाला नुसत्या उष्णतेपेक्षा या फुगण्या-आकसण्याचा त्रास जास्त होतो. माझे सत्तरच्या दशकातले सोळा अंक असेच गेले. कूलरच्या समोरच्या कपाटात होते, पानं लाटांसारखी झाली आणि मग बुरशी धरली. तेव्हापासून नियम एकच: कूलरच्या खोलीत कॉमिक्स नाहीत, गच्चीलगतच्या भिंतीला नाहीत, जमिनीवर तर नाहीतच कारण उधई (वाळवी). घराच्या मधल्या खोलीत, भिंतीपासून चार बोटं सोडून, लोखंडी रॅकवर.

अंक पॉलिप्रॉपिलीनच्या पिशवीत, मागे आम्लमुक्त पुठ्ठा. परवडलं तर मायलरची (पॉलिएस्टरची) पिशवी. बाजारात मिळणारं जाड चकचकीत पीव्हीसी कव्हर नको, ते कालांतराने कव्हरच्या शाईला चिकटतं. सेलोटेप कधीच नाही. लॅमिनेशनचं नावही काढू नका: वेताळाच्या एका सुरुवातीच्या अंकाचं कव्हर मी हौसेने लॅमिनेट करून घेतलं होतं, उष्णतेने त्यावरचा लाल रंग काळवंडला, आणि आता ते कशानेही निघत नाही. डांबरगोळ्यांचा वास कागदातून जात नाही म्हणून मी त्या वापरत नाही. कसर लागू नये म्हणून वाळवलेला कडुलिंबाचा पाला कापडात बांधून पेटीच्या कोपऱ्यात ठेवतो, पानांत कधीच नाही, डाग पडतो. पोळ्यानंतर ऊन कोरडं झालं की सगळ्या पेट्या उघडून, सावलीत, एकेक अंक हाताळून परत ठेवायचा. त्या दोन दिवसांची मी वर्षभर वाट बघतो.

राज कॉमिक्सच्या हिंदी अंकांना कमी लेखू नका. माझ्या पिढीने ती चूक केली. १९८६ मध्ये त्यांचा नागराज हा नायक आला तेव्हा मी कॉलेजात होतो आणि धाकट्या भावाच्या हातातून तो घ्यायलाही मला कमीपणा वाटायचा. फार नंतर लक्षात आलं की नागराजचे सुरुवातीचे अंक प्रताप मुळीक यांनी काढले आहेत, अमर चित्रकथेतून ज्यांची रेषा आपण लहानपणापासून ओळखतो ते. अनुपम सिन्हांचा सुपर कमांडो ध्रुव १९८७ चा. सर्कशीत वाढलेला, कुठलीच दैवी शक्ती नसलेला मुलगा, जो भौतिकशास्त्र वापरून सुटतो. भावाने त्याचे सगळे अंक मला दिले, ते आज वेगळ्या पेटीत आहेत. आणि आबिद सुरतींचा बहादूर, डिसेंबर १९७६ मध्ये इंद्रजालमध्ये आलेला, दरोडेखोराचा मुलगा, भगवा कुडता आणि जीन्स. मुखवटा नाही, दुहेरी नाव नाही. गावकऱ्यांना एकत्र करून लढतो. विदर्भातल्या खेड्यात राहिलेल्या मुलाला त्याचं गाव ओळखीचं वाटतं. नवीन मुलांना मी वेताळाच्याही आधी बहादूर वाचायला देतो.

अंकांवर नावं असतात. "पाचवी ब", "हे पुस्तक परत करावे", वाचनालयांचे जांभळे शिक्के. खोडरबर लावू नका. माझ्याकडच्या एका मॅन्ड्रेकवर तीन भावंडांची नावं तीन वेगवेगळ्या हस्ताक्षरांत एकाखाली एक आहेत, प्रत्येकाने वरचं नाव खोडून आपलं लिहिलेलं. सगळ्यात खालचं, ज्याच्या वाट्याला तो शेवटी आला त्याचं, पेन्सिलीतलं आहे आणि फिकट होत चाललंय. तो अंक मी मायलरच्या पिशवीत ठेवला आहे.