लिव्हरच्या शिरांचा डॉपलर करताना या चुका टाळा

डॉपलर म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी. त्यात स्क्रीनवर रंग आला नाही की लगेच 'हेपॅटिक व्हेन (लिव्हरमधून रक्त बाहेर नेणारी शीर) ब्लॉक' लिहून मोकळं व्हायचं, ही सगळ्यात कॉमन चूक. अहो, आधी मशीनचं सेटिंग बघा. पीआरएफ (म्हणजे वेगाचं स्केल) जास्त असेल, वॉल फिल्टर (मंद प्रवाहाचे सिग्नल गाळणारं सेटिंग) चढवलेला असेल, नाहीतर बीम शिरेवर काटकोनात पडत असेल तर चांगलं वाहणारं रक्तही दिसत नाही. स्केल खाली आणा, बरगड्यांमधून बघा, बरगड्यांखालून बघा, आणि नुसत्या कलरवर न थांबता पल्स डॉपलरने वेव्हफॉर्म (प्रवाहाच्या वेगाचा आलेख) घ्या. तरीही पोटातल्या पाण्यामुळे किंवा गॅसमुळे शीर सापडली नाही तर 'दिसली नाही' असंच लिहा, 'बंद आहे' नको, आणि पुढे सीटी किंवा एमआरआय सुचवा.

उलटी चूक मात्र जास्त महागात पडते, रंग दिसला म्हणजे नॉर्मल! बड-कियारी म्हणजे लिव्हरमधून रक्त बाहेर जाण्याची वाट बंद होण्याचा आजार. त्यात मुख्य शीर बंद झाली की रक्त शेजारच्या शिरेकडे आडवाटेने जातं आणि त्या वाकड्यातिकड्या कोलॅटरल्समध्ये (पर्यायी शिरांमध्ये) रंग मस्त भरतो, घाईत बघणारा फसणारच. म्हणून उजवी, मधली, डावी अशी एकेक शीर आयव्हीसीला (हृदयाकडे रक्त नेणारी मोठी शीर) मिळते तिथपर्यंत ट्रेस करा, प्रवाह हृदयाकडे चाललाय का उलटा फिरलाय तेही नोंदवा. आयव्हीसी थेट राइट एट्रियमपर्यंत (हृदयाचा उजवा वरचा कप्पा) बघायची, कारण कधीकधी सगळा घोळ तिथल्या एका पातळ पडद्यामुळे असतो.

वेव्हफॉर्म सपाट आला म्हणून पण घाबरू नका. पेशंटने दीर्घ श्वास रोखून धरला तरी तो सपाट होतो, सिरॉसिस आणि फॅटी लिव्हरमध्येही होतो, त्यामुळे साध्या श्वासात परत घ्या.

कॉडेट लोबकडे (लिव्हरचा मागचा छोटा भाग) तर बरेच जण बघतच नाहीत. त्याच्या छोट्या शिरा वेगळ्या, थेट आयव्हीसीत उघडणाऱ्या, त्यामुळे बाकी लिव्हर तुंबलं तरी तो सहसा वाचतो आणि हळूहळू फुगतो. त्याची शीर ३ मिमी किंवा जास्त दिसली तर बड-कियारीचा संशय घ्यायचाच. नुसता लोब मोठा असणं पुरेसं नाही हां, सिरॉसिसमध्येही तो वाढतो.

आणि पोर्टल व्हेन (आतड्यांकडून लिव्हरमध्ये रक्त आणणारी शीर) सोडू नका, गुठळी तिथेही असू शकते, पुढची ट्रीटमेंट ठरवताना ते लागतंच.